घराण्याची आठवण आणि आंतड्याचा कर्करोग

आपल्याकडे सोयरीक जुळवितांना चार पिढ्यांचें कुळगोत्र विचारण्याची चाल आहे. परंतु आजोबा कोणत्या दुखण्यानें गेले, असें विचारलें असतां 'पोटाच्या विकारानें' यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाहीं. ज्या दुखण्याचा उच्चार करण्याचाच संकोच, त्याची नोंद कोण ठेवणार? नोंद ठेवल्यानें काय साधतें, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

इ. स. १८९५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅन आर्बर येथें शिवणकाम करणाऱ्या एका बाईनें डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांस सांगितलें कीं, आपल्या घराण्यांतील पुष्कळ माणसें आंतडें, जठर किंवा गर्भाशय यांच्या कर्करोगानें गेलीं. आपणही तशाच लौकर जाणार. डॉक्टरांनीं तें हंसण्यावारी न नेतां त्या घराण्याची वंशावळ जमविली व १९१३ सालीं प्रसिद्ध केली. बाईचें भाकीत खरें ठरलें. पुढें डॉ. हेन्री लिंच यांनीं अशाच घराण्यांचा अभ्यास केला. या आनुवंशिक विकारास आज त्यांचेंच नांव आहे. त्यामागील सदोष जनुकांपैकीं पहिलें १९९३ सालीं हातीं लागलें.

परंतु घराण्यांत रोग नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. बहुतेक रोग्यांच्या घरीं तो पूर्वीं आढळलेला नसतो. वाढतें वय, लठ्ठपणा, बैठें जीवन, तंबाखू, मद्य आणि खारवून वा धुरी देऊन टिकविलेलें मांस यांमुळें त्याचा धोका वाढतो. आमच्या घरीं मांस शिजत नाहीं, हें समाधान पुरेसें नाहीं. गादीवरची बैठक आणि पानतंबाखू हीं शाकाहारी घरांतही सुखानें नांदतात. रोजचें चालणें, कोंड्यासकट धान्य, कडधान्यें व भाज्या हाच येथें खरा पथ्याचा मार्ग होय.

सुदैवानें हा रोग बहुधा सावकाश येतो. आंतड्याच्या अस्तरावर प्रथम एक लहानसा कोंब उगवतो. त्यांतील थोड्यांचाच पुढें कर्करोग होतो, आणि त्यासही बहुधा १० वर्षें लागतात. तेवढ्यांत दुर्बिणीनें पाहिल्यास तो कोंब तेथल्या तेथें काढतां येतो. मलांतील अदृश्य रक्त शोधण्याची परीक्षा तर घरीं नमुना घेऊन दरसाल करवितां येते. तींत रक्त आढळल्यास मात्र दुर्बिणीची तपासणी टाळूं नये. अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०२१ सालापासून या परीक्षांस ४५व्या वर्षीं आरंभ करण्यास सांगितलें आहे. आईबाप किंवा भावंडांस हा रोग झाला असल्यास ४०व्या वर्षीं, अथवा त्यांस झाला त्या वयाच्या १० वर्षें आधीं, यांपैकीं जें लौकर येईल तेव्हां तपासून घ्यावें.

शौचावाटें रक्त, शौचाच्या संवयींत टिकून राहिलेला फरक, अकारण घटतें वजन किंवा पंडुरोग हीं लक्षणें 'मूळव्याध असेल' म्हणून झांकूं नयेत. मूळव्याध असेलही, पण तें डॉक्टरांनीं ठरवावें.

वडील मंडळींस एवढीच विनंती कीं, येत्या सणास घर भरेल तेव्हां कोण कोणत्या रोगानें व कितव्या वर्षीं गेलें, हें एका वहींत उतरून ठेवावें. त्या वहीनें एखाद्या नातवाचा जीव वांचेल.