🍇 गार द्राक्षाला घाम का येतो? रीफर गाडी भरताना हे सांभाळा

गेल्या हंगामात आपली एक रीफर गाडी पोहोचली, तेव्हा दाराजवळच्या पेट्या ओल्या निघाल्या आणि मण्यांवर बुरशी होती. एसी तर वाटभर चालू होता! चूक गाडी भरताना झाली. मी तिथेच उभा होतो, पण लक्षात आलं नाही. म्हणून यंदा आधीच सांगतोय.

*कारण काय?*
फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला पाणी सुटतं. ते पाणी हवेतलं असतं. दुपारी ३२ अंश तापमान आणि फक्त ३० टक्के आर्द्रता असली, तरी साधारण १२ अंशांपेक्षा गार वस्तूवर ओल धरते. प्रीकूलिंग केलेली द्राक्षं तर ० ते ४ अंशांवर असतात. म्हणजे हवा कोरडी वाटली तरी उघड्यावर त्यांना घाम येणारच.

*नुकसान काय?*
▪️ करडी बुरशी ओल्या मण्यावर थंडीतही हळूहळू वाढते.
▪️ पेटीतला ग्रेपगार्ड पॅड ओलाव्यामुळे गॅस सोडतो. ओल जास्त झाली की गॅसही जास्त सुटतो आणि मणी देठाकडून पांढरे पडतात.

*काय करायचं?*
१) तोडणी सकाळीच करा, पण दव उडाल्यावर. ओला घड पेटीत नको.
२) गरम माल रीफरमध्ये भरू नका. गाडीचा एसी गार माल गार ठेवतो, शेतातली उष्णता काढणं त्याच्या आवाक्यात नाही. आधी प्रीकूलिंग, मग गाडी.
३) गाडी धुतली असेल तर आतून पूर्ण कोरडी होऊ द्या.
४) गाडी कोल्ड स्टोरेजच्या दाराला लावा. पेट्या बाहेर थप्पी लावून ठेवू नका, आतून थेट गाडीत जाऊ द्या.
५) दार उघडं असताना एसी बंद ठेवा. नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि पुढे गारवा कमी पडतो. दार लावलं की लगेच चालू करा.
६) पेट्या छतापर्यंत भरू नका, हवा फिरायला जागा ठेवा.

ड्रायव्हर घाई करेल, हमालही म्हणतील "काढून ठेवू बाहेर". ऐकू नका. वर्षभराची मेहनत त्या अर्ध्या तासात ओली होते.

आपली गाडी भरायची असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर कळवा, मी येतो.

– आपला कृषी सल्लागार