सातपुड्यात एकट्याने बाइकवर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नंदुरबारहून प्रकाशा, शहादा, तोरणमाळ, मग धडगाव, मोलगी, अक्कलकुवा आणि तळोद्यावरून परत. बाइकवर एकट्याने फिरणाऱ्यांना ही वाट खुणावते, आणि तिच्याबद्दलचा पहिला गैरसमज नकाशावरूनच सुरू होतो. अंतर कमी दिसतं, म्हणून लोक सगळं एका दिवसात उरकायला निघतात. तापीकाठची सपाटी आणि सातपुड्याचा घाट यांना एकच हिशेब लागू होत नाही. प्रकाशा-शहादा पट्ट्यात तासाला पन्नास किलोमीटर सहज होतात. तोरणमाळच्या सातपायरी घाटात किंवा मोलगीकडच्या देवगोई घाटात त्याच्या निम्मे झाले तरी पुष्कळ. दिवस ठरवायचा तो तासांवर, आणि दोन तास हाताशी राखून.

दुसरा समज गाडीचा. ‘मोठी गाडी असल्याशिवाय घाटात जाऊ नये’ असं शहरातले लोक सांगतात. धडगाव भागातले शिक्षक आणि आरोग्यसेवक याच घाटांतून शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या रोज चढवतात, पाठीमागे माणूस बसवून. टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराने 1973 ते 1977 या काळात पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर जगाला फेरी मारली. आज ते इंजिन फार मोठं गणलं जात नाही. गाडी लहान असली तरी चालते, पण ब्रेक, टायर आणि चेन धड हवेत. चेन किती ताणलेली असावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते निघण्याआधी मोजून घ्यावं.

सामानाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘एकटा आहे, म्हणून सगळं सोबत हवं’ या भीतीपोटी लोक मागच्या कॅरियरवर डोंगर रचतात. वजन मागच्या चाकाच्याही मागे आणि उंच गेलं की पुढचं चाक हलकं पडतं, हँडल तरंगल्यासारखं वाटतं आणि चढावर वळण घेताना गाडी बाहेर ओढली जाते. म्हणून जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना सारख्या आणि जमेल तितक्या सीटला लागून ठेवाव्यात. हत्यारं आणि पाणी बाजूच्या पिशव्यांत तळाला, कपडे वर. रेनकोट सगळ्यात वर, कारण तो लागतो तेव्हा पिशवी उपसायला वेळ नसतो. पिशव्यांच्या वॉटरप्रूफ कव्हरवर विसंबू नये. कपडे आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले बरे. पाठीवरच्या जड सॅकने दुपारपर्यंत खांदे भरून येतात, आणि पडलात तर तिच्यातली टणक वस्तू मणक्यावरच येते.

मग सोबत घ्यायचं काय? क्लच आणि एक्सिलरेटरची एकेक केबल, स्पार्क प्लग, दोन फ्यूज, पंक्चरचं साहित्य, छोटा पंप, इन्सुलेशन टेप आणि गाडीसोबत आलेली हत्यारं. इथे एक अडचण असते. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरची काडी घालायला पाच मिनिटं लागतात, पण तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि तिथे ती काडी निरुपयोगी ठरते. आपल्या चाकात काय आहे ते आधी पाहा. ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब आणि टायर लिव्हर घ्या, आणि चाक एकदा घरच्या अंगणात स्वतः काढून बसवा. डोंगरात ते पहिल्यांदाच शिकायची वेळ येऊ नये.

‘उन्हाळ्यात जॅकेट कशाला, वारा लागू दे’ हा समज धोक्याचा आहे. मे महिन्यात नंदुरबारचा पारा चाळिशी ओलांडतो. आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंशांच्या आसपास असतं. त्याहून गरम हवा उघड्या अंगावर वेगाने आदळली की ती अंग तापवते आणि घाम झपाट्याने उडवून अंगातलं पाणी कमी करते. जाळीचं जॅकेट, आत ओला करून घातलेला सुती शर्ट आणि तासातासाला पाणी, हे लागतंच. हिवाळ्यात नंदुरबारजवळ रस्त्यालगत मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. तिथून जाताना हेल्मेटची काच खाली ठेवा, नाहीतर डोळ्यांत जी आग होते ती गाडी थांबवायला लावते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं. गिअरमध्ये असताना एक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बहुतेक वेळा थांबतंच. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापून ढिले पडतात. ज्या गिअरने घाट चढला, त्याच गिअरने उतरावा. बाटलीत पेट्रोल भरून पिशवीत ठेवणं तर सोडूनच द्या. चढण लागण्याआधी शहादा, तळोदा किंवा अक्कलकुव्यात टाकी भरून घ्यावी.

‘रात्री रस्ता मोकळा मिळतो’ हेही खरं नाही. गाळपाच्या हंगामात शहादा भागात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालतात, आणि कित्येकांच्या मागे दिवा नसतो. होळीच्या दिवसांत काठी गावच्या होळीला आणि होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांना जाणारी माणसं रस्त्याच्या कडेने रात्रीही चालत असतात. दिवस मावळला की गाडी थांबलेली बरी.

मोबाइलवर सगळं भागेल असं समजू नका. डोंगरात मैलोन् मैल रेंज नसते, म्हणजे नकाशाही नाही आणि यूपीआयही नाही. नकाशा आधी उतरवून घ्या आणि सुट्ट्या नोटा ठेवा. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तरी लायसन्स, विमा आणि पीयूसीची प्रत सोबत असावी. रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात हवी, आणि घरी वाट व मुक्कामाचं गाव सांगून निघा.

पावसाळ्यात तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटात दरडी कोसळतात. सप्टेंबर 2021 मध्ये अशाच दरडीने रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन नवरा चालत निघाला, आणि तिने वाटेतच प्राण सोडला. तिथल्या माणसांचा दवाखान्यापर्यंतचा रस्ता हाच आहे. म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबून गावकऱ्यांना विचारा, आणि ते ‘आज नको’ म्हणाले तर वाद न घालता गाडी वळवा.