साठ मायक्रॉनची काडी

झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी फुग्याने पहिली हृदयरोहिणी उघडली. फुगा काढून घेतल्यावर काही रोहिण्या पुन्हा मिटत, कधी काही तासांत, कधी काही महिन्यांत. आतून आधार हवा होता. मार्च १९८६मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ शहरात जाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयरोहिणीत पहिला स्टेंट, म्हणजे जाळीदार नळी, बसवला. त्याच वर्षी लोझानमध्ये उलरिख सिगवार्टही तेच करत होते. अर्जेंटिनात जन्मलेल्या हुलिओ पाल्माझ यांच्या पोलादी जाळीला १९९४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

रोहिणी मिटणे आवरले, पण दुखावलेली भिंत भरून येताना पेशींची वाढ जाळीतूनच आत घुसू लागली. ही वाढ जाळीच्या प्रत्येक काडीच्या जाडीशी जोडलेली आहे, हे म्युनिकच्या डॉक्टरांनी २००१मध्ये दाखवले. साधारण सारख्या नक्षीचे दोन स्टेंट त्यांनी ६५१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून बसवले. एकाची काडी ५० मायक्रॉनची, दुसऱ्याची १४०ची. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा बारीक काडीच्या गटात १५ टक्के रुग्णांची रोहिणी पुन्हा अरुंद झालेली होती. जाड काडीच्या गटात २५.८ टक्के. स्टेंटच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात औषधाचा किंवा नव्या तंत्राचा प्रभाव नव्हता. फरक होता तो मुख्यतः जाडीचा.

मग काडी बारीकच का करू नये? अडचण यांत्रिकीची आहे. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की तो आठपट घटतो. म्हणून पोलादाची जागा कोबाल्ट-क्रोमियमसारख्या अधिक बळकट मिश्रधातूंनी घेतली आणि नक्षीचे गणित संगणकाकडे गेले. जाळीचे लाखभर बारीक तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरचा ताण काढला जातो. फुग्यावर आवळताना, रोहिणीत फुलताना, फुगा निघून गेल्यावर किंचित आकसताना धातू कुठे थकतो? बहुधा काडीच्या वळणाशी. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दहा वर्षांत ही वळणे सुमारे ३८ कोटी वेळा हलतात. जाळीची टोके मधल्या भागाआधी फुलली, तर शेजारची निरोगी भिंत जखमी होते. तेही संगणकावरच्या प्रतिमानात आधीच दिसते.

रक्तप्रवाहाचे प्रतिमान वेगळीच गोष्ट सांगते. जाड काडीच्या मागे रक्त भोवऱ्यासारखे घुटमळते, भिंतीवरचे त्याचे घर्षण घटते, आणि असे घुटमळणारे रक्त सहज गोठते. शिवाय उंच काडीवर नवे अस्तर चढायलाही वेळ लागतो. सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेला सायफर स्टेंट २००३मध्ये अमेरिकेत आला. पेशींची अनावर वाढ त्याने खूपच रोखली, पण हे औषध अस्तराची वाढही मंद करते आणि काडी होती १४० मायक्रॉनची. काही रुग्णांत वर्षानंतरही गुठळी झाल्याचे आढळले, आणि २००६मध्ये जगभर काळजी पसरली.

जाळी फार लवचीक करण्यालाही धोका असतो. प्रोमस एलिमेंट या स्टेंटची कडी लवचीकपणासाठी एकमेकांना मोजक्याच दुव्यांनी जोडलेली होती. दुसरे उपकरण त्याला अडकले की जाळी लांबीत दबून गोळा होई. पुढच्या आवृत्तीत एका टोकाला जास्तीचे दुवे घालावे लागले.

सर्वांत मोठा धडा ॲब्सॉर्ब या स्टेंटने दिला. काम झाले की विरघळून जाणारी जाळी ही कल्पना सुंदर होती. पण पॉलिलॅक्टिक आम्ल धातूच्या मानाने फार नरम, त्यामुळे काडी १५० मायक्रॉनहून जाड ठेवावी लागली. नेदरलँड्समधल्या चाचणीत दोन वर्षांत ३.५ टक्के रुग्णांत गुठळी आढळली. धातूच्या स्टेंटमध्ये ०.९ टक्के. सप्टेंबर २०१७मध्ये त्याची विक्री थांबली. जाडीचा नियम कल्पनेच्या सौंदर्याला सवलत देत नाही. प्रतिमान कितीही नेटके असले, तरी निकाल रुग्णांवरच्या चाचणीतच लागतो.

याच कसोटीला सुरतेत बनलेला सुप्राफ्लेक्स उतरला. काडी ६० मायक्रॉनची, माणसाच्या केसाएवढी. युरोपातल्या सात देशांतल्या १,४३५ रुग्णांवरच्या चाचणीत त्याची गाठ जगभर वापरल्या जाणाऱ्या झायन्सशी पडली. स्टेंटशी निगडित गंभीर घटना वर्षभरात अनुक्रमे ४.९ टक्के आणि ५.३ टक्के, म्हणजे सुप्राफ्लेक्स कुठेही कमी पडला नाही. ‘लॅन्सेट’ने २०१९मध्ये हे प्रसिद्ध केले. त्याआधी, फेब्रुवारी २०१७मध्ये, केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली होती. परवडणारा स्टेंट दुय्यमच असणार, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

घरात कोणाला स्टेंट बसवला असेल तर त्याचे नाव आणि मापे लिहिलेले कार्ड फाइलमध्ये जपून ठेवा. आणि डॉक्टर सांगेपर्यंत रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. काडी कितीही बारीक असली, तरी तिच्यावर अस्तर चढेपर्यंत राखण या गोळ्याच करतात.