सार्गन : शिकवणारा प्रतिस्पर्धी

होस्टेलवर मोबाईलमधल्या चेस इंजिनकडून आपण सगळेच हरतो. पण ते का जिंकलं, हे काही कळत नाही. डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या अमेरिकन नवरा-बायकोच्या ‘सार्गन’चं तसं नव्हतं. १९७८ साली सॅन होजेला मायक्रोकॉम्प्युटरांची बुद्धिबळ स्पर्धा त्याने जिंकली, आणि त्याच वर्षी त्यांनी अख्खा प्रोग्रॅम पुस्तकात छापून टाकला! भाषा झेड-८० ची असेम्ब्ली. ८०८५ किटवर बोटं झिजवलेल्यांना बऱ्यापैकी वाचता येईल.

आत काय आहे? प्याद्याला १ गुण, घोडा-उंटाला ३, हत्तीला ५, वजिराला ९. पुढच्या चाली करून बघायच्या आणि गुण मोजायचे. पण सुरुवातीला दोघांची एकेक चाल होईपर्यंतच डाव ४०० वाटांनी जाऊ शकतो, दोन-दोन चालींत १,९७,२८१! म्हणून ‘अल्फा-बीटा’ : आधी सापडलेल्या चालीपेक्षा ही वाईट ठरेल असं समोरच्याचं एक उत्तर मिळालं की बस, तिची बाकीची उत्तरं तपासायचीच नाहीत.

दोघांच्या मिळून किती चाली पुढे बघायच्या, हे खेळणारा १ ते ६ मधून ठरवायचा. मला हेच सगळ्यात भारी वाटतं. ‘सार्गन २’ तर हिंटही द्यायचा.

आमच्या औंढा नागनाथकडच्या गावात बुद्धिबळ शिकवणारं कोणी नाही. धाकट्या भावाला मी असंच मोबाईलवर डेप्थ २ लावून बसवते. हरला की तीन चाली मागे जाऊन कारण तोच शोधतो. दिवाळीत त्याने डेप्थ ३ ला बरोबरीत रोखलं.