36 फेकी, 5 थ्री : घसरलेला खेळाडू ट्रेडमध्ये घ्यावा का?

ऑक्टोबर 2018. एनबीएचा हंगाम सुरू होऊन दोन आठवडेही झालेले नाहीत. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन, म्हणजे थ्री-पॉइंटर मारण्यात जगातल्या पहिल्या दोन-चारांत गणला जाणारा माणूस, पहिल्या सात सामन्यांत 36 थ्री फेकतो आणि त्यातले फक्त 5 आत जातात. 14 टक्केसुद्धा नाहीत. त्याची तोवरची कारकिर्दीतली सरासरी होती सुमारे 42 टक्के.

आता समजा तुम्ही फँटसी बास्केटबॉल खेळताय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मित्रमंडळींची लीग असते, प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडतो, आणि त्या खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर तुमचा निकाल ठरतो. रूढ प्रकारात नऊ रकाने मोजतात. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री, दोन टक्केवाऱ्या (मैदानी फेक आणि फ्री थ्रो) आणि टर्नओव्हर. दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी गाठ, जास्त रकाने जिंकेल तो पुढे. हंगाम चालू असताना खेळाडूंची अदलाबदल करता येते, तो ट्रेड. (पैसे लावून खेळायच्या ॲप्सबद्दल मी इथे काहीही बोलत नाहीये.)

थॉम्पसन दुसऱ्या कुणाच्या तरी संघात आहे आणि त्याचा मालक वैतागलाय. घ्यावा का त्याला?

संशोधन पद्धतीचा पेपर नुकताच दिलेला विद्यार्थी लगेच हिशोब मांडेल. 42 टक्केवाला खेळाडू 36 फेकींत सरासरी 15 थ्री मारेल, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण 3. मिळालेत 5. म्हणजे अपेक्षेपेक्षा तीन स्टँडर्ड डेव्हिएशनहून जास्त खाली. निव्वळ योगायोगाने असं व्हायची शक्यता हजारात एकाहूनही कमी. तेव्हा नल हायपोथेसिस बाद, माणूस बदललाय, घेऊ नका!

गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. हा खेळाडू आपण आधी ठरवून तपासायला घेतला नव्हता. लीगमध्ये चारशेहून जास्त खेळाडू, प्रत्येकाचे अनेक रकाने आणि हंगामभर सात-सात सामन्यांचे असंख्य तुकडे. एवढ्या ढिगात हजारात एक घडणाऱ्या गोष्टी घडतातच, आणि बातमी त्यांचीच होते. तुमची नजर थॉम्पसनवर गेली तीच मुळी तो आकडा विचित्र होता म्हणून. डेटा बघून हायपोथेसिस निवडायचा आणि त्याच डेटावर तपासायचा, हा उद्योग प्रबंधांतही भरपूर चालतो.

दुसरी गोष्ट, आधीची माहिती कुठे गेली? थॉम्पसनने त्याआधी साडेतीन हजारांहून जास्त थ्री फेकले होते. जुन्या 3500 फेकी 42 टक्क्यांच्या धरा, त्यात नव्या 36 मिसळा, अंदाज येतो 41.7 टक्के. कुणी म्हणेल, पाच वर्षांपूर्वीच्या फेकींना आजच्याइतकं वजन कशाला? मान्य. जुन्या माहितीचं वजन कापून 1000 फेकींइतकं करा, तरी अंदाज 41 टक्केच येतो. आता हेच 36 पैकी 5 एखाद्या नवख्याचे असते तर? त्याची स्वतःची जुनी माहिती नाही, म्हणून लीगच्या सरासरीचा आधार घ्यायचा. समजा 36 टक्के आणि वजन 200 फेकींचं, तर अंदाज येतो 32.6. आकडा तोच, पण एकाच्या बाबतीत तो जवळजवळ दुर्लक्षण्यासारखा, दुसऱ्याच्या बाबतीत दखल घेण्यासारखा.

29 ऑक्टोबरला शिकागो बुल्सविरुद्ध थॉम्पसनने एकाच सामन्यात 14 थ्री मारले. एनबीएचा विक्रम, आधीचा 13 चा विक्रम त्याचाच सहकारी स्टेफन करीच्या नावावर होता. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी होती 40 टक्क्यांच्या किंचित वर. पण सावध राहा, या गोष्टीने पद्धत सिद्ध होत नाही. ही गोष्ट मी निवडली कारण ती छान जुळली.

न जुळणारीही घ्या. आयझेया थॉमस. 2016-17 मध्ये बोस्टनसाठी दर सामन्याला 28.9 पॉइंट. मग कमरेच्या सांध्याची दुखापत, क्लीव्हलंडला रवानगी, आणि जानेवारी 2018 मध्ये परतल्यावर 15 सामन्यांत सरासरी 14.7. 'जुनी सरासरी बघा, परत येईल' म्हणून ज्यांनी त्याला घेतलं, त्यांच्या हाती तो जुना थॉमस आलाच नाही. फरक कुठे आहे? इथे घसरणीला शरीरातलं, माहीत असलेलं कारण होतं. जुनी सरासरी ज्या माणसाची होती तो माणूसच आता मैदानावर नव्हता.

म्हणून घसरलेला खेळाडू दिसला की मी आधी टक्केवारी बघत नाही, मिनिटं आणि फेकींची संख्या बघते. चेंडू रिंगला लागून आत जातो की बाहेर, यात नशिबाचा वाटा मोठा. पण किती मिनिटं खेळवायचं हा कोचचा निर्णय असतो, निर्णय असे आपोआप सरासरीकडे परतत नाहीत. मिनिटं तीच, फेकी तेवढ्याच आणि फक्त टक्केवारी पडलेली असेल तर माल चांगला आहे. मिनिटंच 34 वरून 25 वर आली असतील तर वाट बघत बसू नका. (थॉम्पसनच्या त्या सात सामन्यांत दर सामन्याला थ्रीच्या फेकीही साधारण पाचच होत्या, एरवी सुमारे सात असायच्या. म्हणजे तिथेही चित्र अगदी स्वच्छ नव्हतं.)

आता जोखमीचं बोलू, कारण खरी मजा तिथे आहे. अशा अंदाजांचं शास्त्र ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी 1970 च्या दशकात बेसबॉलच्या उदाहरणाने फार सुंदर मांडलं. 1970 च्या हंगामातले 18 फलंदाज, प्रत्येकाच्या पहिल्या 45 संधी. अंदाज करायचा पुढच्या हंगामभराचा. त्यांनी प्रत्येकाची सरासरी सगळ्यांच्या सरासरीकडे, म्हणजे 26.5 टक्क्यांकडे, जोरात ओढली. मूळ फरकाचा जेमतेम पाचवा भाग शिल्लक ठेवला. एकूण वर्गचूक एक तृतीयांशाहूनही कमी झाली. पण रोबेर्तो क्लेमेंतेचं काय झालं बघा. सुरुवातीला 40 टक्के, ओढलेला अंदाज 29.4, प्रत्यक्षात पुढे 34.6. एकीकडे चूक 5.4 ची, दुसरीकडे 5.2 ची. त्याच्यापुरता फायदा जवळपास शून्य!

ट्रेडची जोखीम हीच. पद्धत अनेक ट्रेडच्या बेरजेत फळते, एका ट्रेडमध्ये काहीही होऊ शकतं. म्हणून आपला सर्वात भरवशाचा खेळाडू देऊन एकच घसरलेला तारा घेण्यापेक्षा मधल्या फळीतले दोन-तीन घसरलेले घेणं मला शहाणपणाचं वाटतं. मात्र ते एकाच संघातले नकोत. नव्या कोचने पद्धतच बदलली असेल तर तिघेही एकदम बुडतील, मग ती जोखीम विभागलेली नव्हतीच. आणि तुमचा संघ तक्त्यात वर असेल तर हा खटाटोप कमी करा. जिंकायची शक्यता आधीच निम्म्याहून जास्त असणाऱ्याला चढउतार वाढवून तोटाच होतो. तळाच्या संघाला उलट चढउतार हवेतच, कारण सरळ चालीने तो हरणारच आहे.

राहिला समोरचा माणूस. जॉर्ज अकरलॉफने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं: विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून बाजार बिघडतो. फँटसीत तसं नाही, आकडे दोघांनाही तेच दिसतात. मग तो स्वस्तात का देईल? बहुतेक वेळा देत नाहीच. कानमन, नेच आणि थेलर यांच्या कॉफीच्या मगांच्या प्रयोगात मग हातात असलेल्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू म्हणजे तोच मग. देतो तो ज्याला थांबणं परवडत नाही: सलग चार आठवडे हरलेला, किंवा ज्याचे दोन खेळाडू जखमी आहेत आणि ज्याला आज, याच आठवड्यात रिबाउंड हवेत. तेव्हा प्रस्ताव पाठवण्याआधी त्याच्या खेळाडूइतकाच त्याचा तक्ताही वाचा.

आणि ट्रेडनंतर खेळाडू सुधारला, तर 'माझ्या संघात आला म्हणून सुधारला' असं कुणी म्हणत नाही, हसतील लोक. पण चाचणीत सर्वात कमी गुण मिळालेली मुलं निवडायची, त्यांना सहा आठवडे नवी अध्यापन पद्धती द्यायची, पुन्हा चाचणी घ्यायची आणि वाढलेले गुण पद्धतीच्या नावावर लावायचे, असा आराखडा पीएचडीच्या मुलाखतीत गंभीरपणे मांडला जातो. तुमच्या प्रस्तावात असं काही असेल, तर तितकेच कमी गुण मिळालेली पण नवी पद्धत न दिलेली मुलं शेजारी ठेवा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येईल.