नारायण धारप

नारायण गोपाळ धारप (२७ ऑगस्ट १९२५ – १८ ऑगस्ट २००८) हे मराठी लेखक होते. भयकथा व विज्ञानकथा या साहित्यप्रकारांत त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायन तंत्रज्ञानाची पदवी घेतली होती.

लेखन

अमानवी शक्तींशी झुंजणारे ‘समर्थ’ हे त्यांच्या अनेक कथांचे नायक आहेत. ‘नेनचिम’ ही त्यांची विज्ञानकादंबरी होय. परकीय भयसाहित्याला मराठी रूप देणे हाही त्यांच्या लेखनाचा एक विशेष आहे. ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ या कादंबरीवर आधारित असून तिचे वातावरण मात्र मराठी आहे. त्यांची पुस्तके वाचनालयांतून मोठ्या प्रमाणावर वाचली गेली; तथापि भयकथा हा प्रकार मराठी समीक्षेत दीर्घकाळ दुय्यम मानला गेला.

चित्रपट

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी भयपटाचे बीज बर्वे यांनी १९९३ मध्ये मित्राकडून ऐकलेल्या धारपांच्या एका कथेत आहे. चित्रपटातील आजीचा प्रसंग धारपांच्या ‘आजी’ या कथेवर बेतलेला असून त्या कथेचा उगम किंग यांच्या ‘ग्रामा’ या कथेत आहे. ‘तुंबाड’ हे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतले आहे. व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. धारप यांच्या निधनाला तोवर १६ वर्षे झाली होती.