माहिती चौकट : नियमांचं पुस्तक वाचणार कोण?

यवतमाळची एमएच २९ पासिंगची गाडी चालवायची, तर आधी शिकाऊ लायसन्सची परीक्षा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११ नुसार तीत रस्त्यावरच्या खुणा, सिग्नल व नियम, अपघातानंतरची चालकाची कर्तव्यं, राखणदार नसलेलं रेल्वे फाटक आणि सोबत बाळगायची कागदपत्रं विचारतात. पास व्हायला ६० टक्के गुण लागतात. परीक्षा मराठीतून देता येते.

प्रवासी-मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. निर्णय योग्यच होता. त्यामुळे कमी शिकलेल्यांनाही चालकाचं काम खुलं झालं. पण नियमांची भाषा सोपी झाली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ लांबलचक आहे. त्यातलं मुख्य म्हणणं मात्र इतकंच : जखमीला लगेच उपचार मिळवून द्या, पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत कळवा. नियमांच्या पुस्तकात असंच छापायला हवं.

यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी बोलतात. तिथे खुणांचे आकारच कामी येतात : त्रिकोण म्हणजे सावधान, वर्तुळ म्हणजे हुकूम, आयत म्हणजे माहिती, लाल अष्टकोन म्हणजे थांबा. पांढरकवड्याहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरला की पाट्यांची लिपी बदलते. हे आकार बदलत नाहीत.

घरात कुणी लायसन्स काढत असेल, तर त्या पुस्तकातलं अपघाताचं प्रकरण त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि घरच्या बोलीत समजावून सांगा.